वॉकमनमधली बाई

लोकांच्या सुखाची मापं काढायचा मला पगार मिळायचा, असं सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग जरा सावरून बसतो. मी आता त्याचंही माप घेणार असं त्याला वाटत असावं. घाबरू नका, आमचं काम त्याहून पुष्कळ रटाळ होतं. मी संख्याशास्त्राची. नागपुरात शिकले, लग्न करून अमेरिकेत आले आणि टेक्ससमधल्या अर्विंगला एका आरोग्य संशोधन केंद्रात चिकटले. महाराष्ट्र मंडळातली आयटीची पोरं मला 'आकडेवाल्या काकू' म्हणायची. मी काय करते हे त्यांना कधी कळलं नाही आणि मीही फार समजावत बसले नाही. दिवाळी अंकाच्या निमित्ताने आता बसते.

२००३ च्या सुमारास केंद्राने एक प्रश्नावली हातात घेतली. मानसिक स्वास्थ्याची. म्हणजे आजार शोधणारी नव्हे, तर माणसाचं बरं चाललंय का, हे विचारणारी. जगण्यात काही अर्थ वाटतो का, माणसांशी जमतं का, स्वतःचे निर्णय स्वतः घेता का, असले प्रश्न. ती इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी बनलेली. पण आमच्या शेजारच्या दवाखान्यात निम्मे लोक स्पॅनिश बोलणारे, बहुतेक मेक्सिकोहून आलेले. दवाखान्याची 'सोबत' नावाची एक योजना होती. ज्यांचं स्वास्थ्य कमी भरेल त्यांच्या घरी आठवड्यातून एकदा कुणीतरी शिकवलेली स्वयंसेवक बाई जाऊन बसायची, गप्पा मारायची. ती कुणाकडे पाठवायची, हे या प्रश्नावलीवरून ठरणार होतं. म्हणून ती स्पॅनिशमध्ये आणायची होती.

तुम्ही म्हणाल, द्या की भाषांतराला. तसं नसतं. एकाने भाषांतर करायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते उलटं इंग्रजीत आणायचं, मग दोन्ही शेजारी ठेवून भांडायचं. मग साध्या माणसांना प्रश्न वाचून दाखवायचा आणि 'तुम्हाला यातून काय कळलं' ते विचारायचं. इथेच खरी मजा. 'इतरांचं मत वेगळं असलं तरी मी माझंच खरं करतो' अशा अर्थाचं एक वाक्य होतं. इंग्रजी माणसाच्या लेखी हे निरोगीपणाचं लक्षण. आमच्याकडे एका आजोबांनी ते ऐकलं आणि म्हणाले, असा माणूस माझ्या ओळखीचा आहे, त्याच्याशी गावात कुणी बोलत नाही. दुसरे एक गृहस्थ, छपरं घालायचं काम करणारे, 'तुमच्या आयुष्याचं ध्येय काय' यावर बराच वेळ विचार करून म्हणाले, मी गुडघा दाखवायला आलो होतो.

हे सगळं निभावलं की खरी परीक्षा. वजनकाटा विकत घेतला तर आपण काय बघतो? आज उभं राहिलं आणि पंधरा दिवसांनी उभं राहिलं, मधे काही फरक पडलेला नसेल तर काटा तेच दाखवतो ना? आणि काटा वजनच मोजतोय ना, उंची नाही ना? प्रश्नावलीचंही तेच करायचं. पुष्कळ लोकांना विचारायचं, काही दिवसांनी त्यांनाच परत विचारायचं, आणि मग माझ्यासारखीने आकडे घेऊन बसायचं. एवढंच. यात माझं उभं आयुष्य गेलं.

स्पॅनिश मला येत नव्हतं. आजही मला नमस्कार, धन्यवाद आणि 'पुरे हो, आणखी वाढू नका' एवढंच येतं. प्रश्न विचारायचं काम मारिसोलचं. तिशीतली मुलगी, टेक्ससमध्येच जन्मलेली, आईबाप मेक्सिकोचे. हसरी, पण कामात चोख. मी सोबत जायचे ते पद्धत पाळली जातेय का ते बघायला. खरं सांगायचं तर शोभेला. घरी बसण्यापेक्षा बरं, म्हणून मी कुठेही जायला तयार असायचे.

घरी कोण होतं? नवरा विमानाने चार तासांवरच्या रेडमंडला, सॉफ्टवेअरमध्ये. त्याला तिकडे नोकरी लागली तेव्हा माझा व्हिसा या केंद्राशी बांधलेला, म्हणून मी इथेच राहिले. एखाद्या वर्षाचा प्रश्न आहे, असं दोघांनी ठरवलं आणि मग ते वर्ष संपेचना. लग्न शाबूत, घरं दोन. रोज संध्याकाळी फोन. तो म्हणायचा पाऊस आहे, मी म्हणायचे ऊन आहे. तो विचारायचा जेवलीस का, मी म्हणायचे हो. फोन ठेवला की फ्रिजचा आवाज तेवढा ऐकू यायचा. मी बाई फार एकटी होते. तेव्हा हे कुणी विचारलं असतं तर मी हसून उडवून लावलं असतं.

तर दोन्या रेफुहियो. दोन्या म्हणजे आपल्याकडे वडीलधारीला मान देऊन बाई म्हणतात, तसं. सत्तरीच्या. मुलगा रुबेन, सून, नातवंडं, असं भरलं घर. आम्ही गेलो रविवारी दुपारी. सगळ्याच मुलाखती आम्ही रविवारी दुपारी ठेवल्या होत्या, कारण लोक चर्चमधून घरी आलेले असतात आणि सवडीत असतात. आमच्या प्रमुख कॅरलबाईंना ही सोय फार पसंत होती, आणि आम्हालाही. शिवाय खायला मिळायचं. मारिसोलला मक्याचे दाणे घातलेलं गरम कालवण वाढलं, मला शाकाहारी म्हणून वेगळे बीन्स आणि भात. मग घर सगळं टेबलाभोवती बसलं आणि मारिसोल प्रश्न मोठ्याने वाचू लागली.

बाई प्रत्येक प्रश्नाला आधी मुलाकडे बघायच्या, मग हसायच्या आणि उत्तमातलं उत्तम उत्तर द्यायच्या. 'मनातलं बोलायला कुणी नाही असं मला वाटतं' हे वाक्य आलं तेव्हा सून हातातलं भांडं पुसायची थांबली होती. बाई म्हणाल्या, छे, अजिबात नाही. रुबेनने मान डोलावली. आम्ही निघालो तेव्हा बाई मारिसोलचा हात सोडेनात. दारापर्यंत आल्या, मग गाडीपर्यंत आल्या.

गाडीत मारिसोलने सांगितलं की दिवसभर घरात बाई एकट्याच असतात. मुलगा छपरांच्या कामावर, सून हॉटेलात, नातवंडं शाळेत. नातवंडांशी स्पॅनिशमध्ये बोललं की ती इंग्रजीत उत्तर देतात. गाडी चालवता येत नाही, आणि टेक्ससमध्ये गाडी नसली की माणूस पायच नसल्यासारखा.

आकडे आले तेव्हा मी कपाळावर हात मारला. त्या एका वाक्याला जवळजवळ सगळ्यांनी 'अजिबात नाही' म्हटलेलं. आमच्या धंद्यात नियम आहे, ज्या प्रश्नाला सगळे एकच उत्तर देतात तो प्रश्न काहीच मोजत नाही, काढून टाका. कॅरलबाई म्हणाल्या, काढून टाकू. त्या वाईट नव्हत्या, नियमानेच बोलत होत्या. वर म्हणाल्या, ही कुटुंबं किती घट्ट असतात, यांना एकटेपणा नसतोच.

मला ते पटत नव्हतं, पण का ते सांगता येईना. ते कळलं त्या शनिवारी, नागपूरला आईला फोन लावला तेव्हा. कॉलिंग कार्डाचे ते लांबलचक नंबर दाबून एकदाचा लागला. आई माझ्या भावाकडे राहायची. फोन दिवाणखान्यात, स्पीकरवर टाकलेला, भाऊ-वहिनी समोर. मी म्हटलं, कशी आहेस? आई म्हणाली, छान आहे गं, सगळे किती बघतात माझं. दर वेळी तेच म्हणायची. आणि मला एकदम उमगलं की ती दुसरं म्हणणार तरी काय? 'करमत नाही' असं ती म्हणाली तर तो भावावर आरोप होतो. घरातल्या माणसांदेखत आपण एकटे आहोत हे म्हणणं म्हणजे त्यांची अब्रू काढणं. हे मला शिकवायला कुठल्या पुस्तकाची गरज नव्हती, मी अशाच घरातून आले होते. कॅरलबाईंना मात्र ते सुचणं शक्य नव्हतं. त्यांची आई एकटी राहायची आणि एकटं वाटलं की लेकीला सरळ फोन करून सांगायची.

सोमवारी मी त्यांच्याशी भांडले. मी सहसा भांडत नाही, पण त्या दिवशी आवाज चढला. म्हटलं, हे वाक्य काढलंत तर 'सोबत' ज्यांच्यासाठी आहे तीच माणसं गाळली जातील. दोष प्रश्नाचा नाही, तो भर पंगतीत विचारण्याचा आहे. त्या म्हणाल्या, मग दुसऱ्या फेरीच्या आत वेगळी पद्धत करून दाखवा. दवाखान्यात बोलवावं, तर आणून सोडणार मुलगाच, आणि तो शेजारी बसणार. लिहून घ्यावं, तर अनेकांना वाचता येत नव्हतं.

युक्ती मारिसोलची. तिने सगळे प्रश्न आपल्या आवाजात कॅसेटवर भरले. माणसाने हेडफोन लावायचा, वॉकमन चालू करायचा. प्रत्येक प्रश्नाचं एक कार्ड, त्यावर लहान ते मोठी अशी वर्तुळं. जितकं खरं वाटतं तितक्या मोठ्या वर्तुळात फुली मारायची आणि कार्ड बंद पेटीत टाकायचं. वाचता येत नसलं तरी चुकू नये म्हणून कार्डावर चित्रं. त्यांच्याकडे लोतेरिया नावाचा चित्रांचा खेळ घरोघरी खेळतात, आपल्याकडच्या हाऊजीसारखा. त्यातलीच चित्रं घेतली: कोंबडा, चंद्र, छत्री. टेपवर मारिसोल म्हणायची, 'आता कोंबड्याचं कार्ड घ्या,' आणि मग प्रश्न. मनातलं बोलायच्या प्रश्नाला घागर होती. घरातल्यांना फक्त बाई चित्रं चाळताना दिसायच्या, प्रश्न ऐकूच जायचा नाही. आणि आम्ही दोघींनी तोंड फिरवून बसायचं, हा माझा नियम.

दोन्या रेफुहियोंनी हेडफोन लावला तेव्हा नातवंडं खिदळली. पण टेप सुरू झाला आणि बाईंचा चेहरा बदलला, असं मारिसोल नंतर म्हणाली. ती थोडंसं बघत होती, माझा नियम मोडून. मी भिंतीकडे बघत होते. पेन्सिलीचा आवाज तेवढा येत होता, मधेच थांबायचा, पुन्हा यायचा. रुबेन फुटबॉलची मॅच बघत होता.

या वेळी आकडे पसरले. घागरीच्या कार्डावर फुल्या लहान वर्तुळापासून मोठ्यापर्यंत सगळीकडे होत्या, आणि ज्यांच्या मोठ्या वर्तुळात होत्या त्यांची बाकीची उत्तरंही तसंच सांगत होती. पहिल्या फेरीशी जमेना, म्हणून नव्या पद्धतीने पुन्हा दोनदा विचारावं लागलं, तेव्हा काटा स्थिर झाला. कॅरलबाईंनी तक्ता पाहिला आणि चष्मा काढून म्हणाल्या, वाक्य राहील. निवृत्त झाल्यावर माणसं मोठमोठ्या गोष्टींचा अभिमान बाळगतात. मला या एका वाक्याचा आहे.

पण आकडे वेगळे आणि माणूस वेगळा. दोन्या रेफुहियोंची फुली सगळ्यात मोठ्या वर्तुळात होती. बाई ब्लडप्रेशर तपासायला दवाखान्यात आल्या तेव्हा मारिसोलने त्यांना बाजूला घेऊन 'सोबत'बद्दल विचारलं, फुलीचं नाव न काढता, सगळ्यांना विचारतात तसं. त्यांना हवीशी वाटत होती, तिला ते दिसत होतं. तरी त्या नको म्हणाल्या.

"मला मुलगा आहे, पोरी. माझ्याजवळ बसायला परकी बाई येऊ लागली तर लोक रुबेनला काय म्हणतील?"

आणि मग त्यांनी विचारलं की मशीनमधली ती बाई परत कधी येणार. ती मारिसोलच आहे हे त्यांना माहीत होतं. तरी त्या तिला 'मशीनमधली बाई' म्हणायच्या. मारिसोलने मला हे सांगितलं आणि टेबलावरचे कागद उगाच सारखे करत बसली. फेऱ्या संपल्या होत्या. मशीनमधली बाई परत जाणार नव्हती.

त्या आठवड्यात माझं कशातच लक्ष लागेना. इतका खटाटोप केला तो हे कळावं म्हणून, आणि कळल्यावर आपण काहीच करायचं नाही? योजना दारात उभी, आणि बाई मुलाच्या नावासाठी दार लावून घेणार. माझी आईही तेच करत होती, आणि नागपूरला मी काही वॉकमन पाठवू शकत नव्हते.

आम्हाला पुढे प्रश्नावलीची छोटी आवृत्ती करायची होती, आणि तिच्यासाठी सल्लागार म्हणून दोनतीन साधी माणसं हवी होती, जी प्रत्येक वाक्य ऐकून कुठे अडखळायला होतं ते सांगतील. मी दोन्या रेफुहियोंचं नाव सुचवलं. कॅरलबाईंनी माझ्याकडे जरा बघितलं आणि सही केली.

विचारायला रविवारीच गेलो, कारण त्या घरात काहीही विचारायचं तर सगळ्यांदेखतच. जेवण झालं. मारिसोल विषय काढणार एवढ्यात रुबेन माझ्याकडे वळला. धिप्पाड माणूस, उन्हाने रापलेला, आईवर जीव असलेला. इंग्रजीत म्हणाला, "तुम्ही माझ्या आईला एवढं विचारलंत. मग सांगा, ती सुखी आहे ना?"

मारिसोलने ते स्पॅनिशमध्ये सांगितलं नाही, पण बाईंना कळलं होतं. त्या ताटातल्या भाकरीचे तुकडे करत राहिल्या. सुखी आहेत म्हणावं तर ते धादांत खोटं. नाहीत म्हणावं तर ज्या भरवशावर त्यांनी फुली मारली तो मी त्यांच्याच टेबलावर मोडणार.

"कुणी काय उत्तर दिलं ते आम्ही सांगत नाही, मुलालाही नाही," मी म्हटलं. "पण आमचं पुढचं काम तुमच्या आईंशिवाय अडलंय. दर आठवड्याला एक दुपार त्या आम्हाला हव्या आहेत. द्याल?"

रुबेनने हे आईला स्वतःच सांगितलं, मोठ्या आवाजात, दोनदा. आई कधी शाळेत गेली नाही आणि आता संशोधनवाले तिच्याकडे सल्ला मागायला येतात, हे त्याने शेजाऱ्यालाही हाक मारून सांगितलं. बाईंनी वर बघितलं ते माझ्याकडे. मग उठून मला आणखी भात वाढला. 'पुरे हो' हे मला स्पॅनिशमध्ये येत होतं, पण मी म्हटलं नाही.

तर बुधवारच्या दुपारी आम्ही जाऊ लागलो. सुरुवातीला खरंच वाक्यं तपासायचो. कार्डं आणि पेटीसकट एक वॉकमन त्यांच्याकडेच ठेवला होता. मग मारिसोलला बाळ झालं आणि ती रजेवर गेली. काम जवळपास संपलंच होतं, पण मी एकटी जात राहिले. भाषा नाही. त्या बोलायच्या, मी ऐकायचे. मी मराठीत बोलायचे, त्या ऐकायच्या. नवऱ्याबद्दल, रेडमंडच्या पावसाबद्दल, आईबद्दल मी त्या स्वयंपाकघरात जे बोलले ते दुसरीकडे कुठेच बोलले नाही. मी त्यांना चहा करायला शिकवलं आणि त्यांना तो मुळीच आवडला नाही.

मग अनुदान संपलं. प्रश्नावली दवाखान्यात वापरात आली, घागरीच्या प्रश्नासकट. मला न्यू जर्सीत वेस्ट विंडसरजवळ काम मिळालं. रेडमंड नाही, पण निदान कायमची नोकरी. शेवटच्या बुधवारी मी वॉकमन आणि कार्डं परत न्यायला गेले. निरोपाचं एक वाक्य मारिसोलकडून फोनवर घोकून घेतलं होतं. ते मी म्हटलं. बाईंनी मान हलवली आणि वॉकमन माझ्या हातात दिला नाही. मला खुर्चीत बसवलं, हेडफोन माझ्या कानांवर चढवला, माझे केस त्यातून नीट सोडवले, कार्डांचा गठ्ठा आणि पेन्सिल पुढे ठेवली आणि बटण दाबलं.

मारिसोलचा आवाज, अगदी कानात. शब्द कळत नव्हते, पण चित्रं होती, आणि कुठल्या चित्राला काय विचारलंय हे माझ्याइतकं पाठ कुणाला होतं? कोंबडा. चंद्र. छत्री. मी फुल्या मारत गेले. एवढी वर्षं हे प्रश्न मी उलटेपालटे केले, मोजले, भांडून वाचवले, आणि ते मला कुणी विचारलेच नव्हते. घागर आली तेव्हा पेन्सिल थांबली. मला रडू यायला लागलं, आणि लाज वाटली की आता या बघतील.

मी वर पाहिलं. दोन्या रेफुहियो खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या, हात पाठीमागे बांधून. मी सगळ्यात मोठ्या वर्तुळात फुली मारली, कार्ड पेटीत टाकलं, आणि पुढची सगळी कार्डं संपेपर्यंत त्या वळल्या नाहीत.